५ पाठवले, १० कुठून आले?

प्रश्न असा होता: अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात ५ मेगाहर्ट्झची अल्ट्रासाउंड लाट सोडली, तर पलीकडच्या प्रोबला (लाट टिपणाऱ्या संवेदकाला) १० मेगाहर्ट्झचा बारीक शेंडाही दिसतो. ५ मेगाहर्ट्झच्या लाटेची उंची ए१ आणि १० मेगाहर्ट्झची ए२ म्हटली, तर ए१ च्या वर्गासमोर ए२ मांडला की सरळ रेषा येते, म्हणजे हा धातूचाच गुण ना?

घाई करू नका. धातूत हे होतं, यात वाद नाही. हूकचा नियम (बल विस्थापनाच्या प्रमाणात) छोट्या विस्थापनापुरता खरा. अणू दाबले की बंध ताठ होतात, ताणले की ढिले. मग लाटेचा दाबलेला भाग किंचित पुढे पळतो, ताणलेला मागे रेंगाळतो आणि साइन लाट चालता चालता कलते. कललेली साइन म्हणजे मूळ वारंवारता अधिक तिची दुप्पट. ब्रीझील आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये अ‍ॅल्युमिनियममध्येच हे मोजलं होतं.

पण आकडा बघा. ए२ म्हणजे बीटा × के² × ए१² × अंतर, भागिले ८. बीटा म्हणजे धातू हूकच्या नियमापासून किती ढळतो तो आकडा, के म्हणजे २π भागिले तरंगलांबी. वेग सुमारे ६.३ किमी/सेकंद, म्हणून तरंगलांबी १.२६ मिमी. ए१ १० नॅनोमीटर, बीटा ५, ठोकळा ५० मिमी धरला तर ए२ येतो जेमतेम ०.०८ नॅनोमीटर. अणूपेक्षाही लहान! मूळ लाटेच्या एक टक्काही नाही. जोरात चालवलेला अ‍ॅम्प्लिफायर एवढी भेसळ सहज करतो. आणि खरी गोम इथेच आहे: अ‍ॅम्प्लिफायरचा दुसरा हार्मोनिकही (दुप्पट वारंवारतेचा भाग) साधारण वर्गानेच वाढतो. तुमची सरळ रेषा धातू आणि यंत्र, दोघांनाही सारखीच लागू पडते.

निवाडा करतं ते अंतर. एकाच सळईचे २५, ५० आणि १०० मिमीचे तुकडे कापा, तोंडं समांतर घासून घ्या, ड्राइव्ह (प्रोबला दिलेला सिग्नल) तोच ठेवा. ए२/ए१² अंतरासोबत वाढला तर तेवढा वाटा धातूचा. रेषा शून्य अंतराला जिथे अक्ष कापते, तो ढोबळमानाने यंत्राचा. लांब तुकड्यात रेषा वाकेल, कारण १० मेगाहर्ट्झ जास्त विरतो आणि झोतही पसरतो. त्याची दुरुस्ती करावीच लागते. अ‍ॅम्प्लिफायरनंतर लो-पास फिल्टर (५ जाऊ देणारा, १० अडवणारा) तर आजच लावा.

कपलंटला (प्रोब आणि धातू यांच्यामधल्या जेल किंवा तेलाच्या थराला) कमी लेखू नका. मी एकदा तीन आठवडे एका नमुन्याचा बीटा वाढतोय म्हणून खूश होतो, धातूच्या थकव्याने डिसलोकेशन (अणूंच्या मांडणीतले दोष) वाढली असं टिपणही लिहून ठेवलं. प्रोब दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू रोज थोडा सैल होत होता, एवढंच. तेव्हापासून टॉर्क-पाना हातात घेतल्याशिवाय मी प्रोब बसवत नाही.

आडव्या लाटांचा (ज्यात कण लाटेच्या दिशेला काटकोनात हलतात) प्रोब मिळाला तर आणखी एक सोपी चाचणी आहे. समदिक् (सगळ्या दिशांना सारख्या) घन पदार्थात आडवी लाट दुप्पट वारंवारतेची आडवी लाट तयार करत नाही, सममितीच आडवी येते. तिथेही १० मेगाहर्ट्झ ठळक दिसले, तर आधी यंत्राकडे बघा.