कॉकटील पाळायला आणि शिकवायला कोणती पुस्तकं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की घरी सहा महिन्यांचं कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आणलंय, हात जवळ नेला की ते फिस्स करतं, चावतं, आणि अप्पा बळवंत चौकात काय किंवा ऑनलाइन काय, सगळी पुस्तकं सारखीच दिसतात. सारखी दिसतात कारण आपण मुखपृष्ठ बघतो. मागची सूची उघडून चार-पाच विषय काढून बघा, दहा मिनिटांत निकाल लागतो.

आधी खाणं बघा. ‘दाण्यांची वाटी भरून ठेवा, अधूनमधून फळ द्या’ असं लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. राळा आणि सूर्यफुलाच्या मिश्रणातून पक्षी सूर्यफूल तेवढं निवडून खातो. त्यात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नावापुरतं. पुढे यकृतात चरबी साठते, नाका-घशाचे संसर्ग होतात, मादीचं अंडं अडकतं. चांगलं पुस्तक पेलेट (पक्ष्यांसाठीचं गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य) आणि भाज्यांवर भर देतं. शिवाय दाण्यांवरून पेलेटवर आणायला काही आठवडे लागतात आणि तेवढे दिवस रोज सकाळी वजन करा, असंही सांगतं. कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचं. त्यातले ९-१० ग्रॅम गेले की धोका, आणि पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाहीत. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजनाचा उल्लेखच नसेल तर त्या लेखकाच्या आजारांवरच्या प्रकरणावरही फार विसंबू नका. परदेशी पुस्तकातल्या केल या पालेभाजीसाठी मंडईत धावायची गरज नाही. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा चालतो.

मग घरातले धोके. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. हे ज्या पुस्तकात नाही ते जुनं समजा. आपल्याकडच्या काही गोष्टी मात्र तुम्हालाच जोडाव्या लागतील: मच्छर अगरबत्ती, धूप, दिवाळीतले फटाके, आणि पिंजरा उघडण्याआधी बंद करायचा छताचा पंखा.

खरी परीक्षा शिकवण्याच्या प्रकरणात. ‘मालक कोण ते दाखवून द्या’, ‘पक्ष्याला डोळ्यांच्या वर बसू देऊ नका’, ‘चावला तर पाण्याचा फवारा मारा’, ‘टॉवेलात धरून शांत होईपर्यंत सोडू नका’, यातलं एक वाक्य दिसलं तरी मिटून टाका. उंच बसल्याने पोपट शिरजोर होतो याला आधार नाही. त्याला उंचावर सुरक्षित वाटतं, एवढंच. टॉवेलात धरलेला पक्षी शांत झालेला नसतो, त्याने हार मानलेली असते. ‘चावला तरी हात हलवू नका’ हा सल्लाही वाईट. चावण्याची वेळ येईपर्यंत हात पुढे न्यायचाच कशाला?

चांगलं पुस्तक आधी अंग वाचायला शिकवतं: तुरा डोक्याला चिकटलेला आणि तोंडाने फिस्स म्हणजे ‘दूर राहा’, तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय, किंचित मागे झुकलेला म्हणजे निवांत. मग टार्गेट ट्रेनिंग, म्हणजे काडीच्या टोकाला चोच लावायला शिकवणं, आणि तेही पायरीपायरीने. पिंजऱ्याच्या गजांबाहेरून चॉपस्टिकचं टोक चोचीपासून ५ सेंमीवर धरायचं. त्याने मान लांबवून टोक चोचीने शिवलं की त्याच क्षणी क्लिकरचा (‘टक्’ असा आवाज करणारी छोटी डबी) क्लिक, आणि राळ्याच्या कणसातला एक दाणा. एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्याचा रस संपण्याआधी थांबायचं. तो मागे रेलला तर काडी मागे घ्या. पुस्तकाने इथे काय चुकतं तेही सांगायला हवं: क्लिक उशिरा पडला की पक्षी भलतीच हालचाल शिकतो, दाणा मोठा असेल तर तो खाण्यातच गुंततो, तेच कणीस दिवसभर पिंजऱ्यात टांगलेलं असेल तर तुमच्या हातातल्या दाण्याला किंमत उरत नाही. नुसतं ‘प्रेमाने आणि धीराने शिकवा’ लिहिणारी पुस्तकं इथेच नापास होतात.

आता नावं. कॅरेन प्रायर यांचं ‘डोन्ट शूट द डॉग’ (१९८४) पोपटांवर नाही, पण बक्षीस कधी आणि का द्यायचं हे इतकं स्वच्छ समजावलेलं आहे की पहिलं तेच घ्या. पोपटांसाठी बार्बरा हायडनराइक यांचं ‘द पॅरट प्रॉब्लेम सॉल्व्हर’. अँड्र्यू लुशर यांनी संपादित केलेलं ‘मॅन्युअल ऑफ पॅरट बिहेवियर’ (२००६) भक्कम आहे, पण महाग आणि पशुवैद्यांसाठी लिहिलेलं. कुणाकडून वाचायला मिळालं तरच. आयरीन पेपरबर्ग यांचं ‘ॲलेक्स अँड मी’ (२००८) जरूर वाचा, मात्र ती एका आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाची आठवण आहे, पाळण्याची माहिती त्यात शोधू नका. संगोपनासाठी कॉकटीलवरचंच पुस्तक घ्या. मकाव हा मोठा पोपट समोर ठेवून लिहिलेल्या पुस्तकातल्या पिंजऱ्याच्या गजांच्या अंतरातून कॉकटीलचं डोकं आरामात बाहेर येतं. तुम्हाला १२ ते १५ मिमी हवं.

औषधाचे डोस पुस्तकातून घेऊ नका. पाण्यात अँटिबायोटिक टाका म्हणणारं पुस्तक तर नकोच, कारण आजारी पक्षी किती पाणी पिईल याचा नेम नसतो.

कायदा परदेशी पुस्तकात सापडणार नाही. कॉकटील पाळता येतं. आपला कंठवाला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणी ‘जोडीला’ म्हणून तो देऊ केला तर नको म्हणा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइन क्रमांकावर कळवा.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेणार असाल तर श्रेयपान उघडून बघा. ‘पुनर्मुद्रण’ची तारीख नवी असली तरी मजकूर तीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, ‘सुधारित आवृत्ती’ कोणत्या सालची ते शोधा.