यहोवाचे साक्षीदार दारोदार फिरण्यात एवढी मेहनत का घेतात? हाती काय लागतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की रविवारी सकाळी दोन बायका बेल वाजवतात, बिल्डिंगमध्ये कुणी ऐकून घेत नाही, तरी काही महिन्यांनी पुन्हा हजर; यांना पगार मिळतो की ह्या रिकामटेकड्या आहेत? यहोवाचे साक्षीदार हा एक ख्रिस्ती पंथ आहे, आणि प्रचारासाठी पगार मिळत नाही. मासिकं फुकट देतात, रिक्षाभाडं पदरचं. आणि रिकामटेकडेपणाचं म्हणाल, तर अशा दोघींपैकी एक बरीच वर्षं माझी आई असायची. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी हिशेब. साक्षीदारांची संस्था दरवर्षी जगभराचे आकडे छापते. २०१९ साली प्रचारात २०८ कोटींहून जास्त तास गेले आणि बाप्तिस्मे झाले ३ लाख ३ हजारांच्या आसपास. भागाकार करा, एका बाप्तिस्म्यामागे जवळपास ७ हजार तास पडतात. त्यात बायबल अभ्यास घेण्याचा वेळही धरलाय, हे खरं. पण बाप्तिस्मा घेणाऱ्यांत त्यांच्याच घरची पोरंही असतात. मॉर्मन या दारोदार फिरणाऱ्या दुसऱ्या अमेरिकी पंथाची गतही तीच. रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८० साली मांडलं होतं की अनोळखी दार ठोठावून हजारात एखादा माणूस पंथात येतो. तेच एखाद्या मॉर्मन मित्राच्या घरी मिशनऱ्यांशी पहिली गाठ पडली, तर दोनात एक.

माझे दाजी विम्याच्या धंद्यात आहेत. हा हिशेब त्यांना कुणी सांगावा लागला नाही. प्रत्येक लग्नकार्यात, चार लोकांत, आईसमोर त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं: "मामी, एवढ्या दारांत एकही केस नाही? आमच्या मॅनेजरनं पहिल्याच महिन्यात घरी बसवलं असतं." लोक हसायचे. आई पण हसायची. मला ते अजून बोचतं.

दाजींना ही मेहनत कधी दिसलीच नाही. शनिवारी रात्री आई 'टेहळणी बुरूज' हे साक्षीदारांचं मासिक घेऊन बसायची. मागच्या पानावर तेव्हा संस्थेचा लोणावळ्याचा पत्ता असायचा. कोणत्या दाराशी कोणतं वाक्य बोलायचं याची तालीम व्हायची, आणि समोरची म्हातारी होण्याचं काम माझ्याकडे. मी मुद्दाम दार आपटायचो. सकाळी जमलेल्या प्रचारकांना इमारती वाटून दिल्या जायच्या. बेल एकदाच वाजवायची आणि मग एक पाऊल मागे सरकायचं, म्हणजे आतल्या बाईला जाळीतून आपण पूर्ण दिसतो, ती बिचकत नाही. आत कुकर लागला असेल तर आई म्हणायची, "शिट्ट्या होऊ द्या ताई, मी थांबते." जे दार उघडलंच नाही त्याचा नंबर चिठ्ठीवर जायचा, संध्याकाळी परत यायला. वॉचमन अडवायचे ते वेगळंच. "किती पैसे देता धर्म बदलायला?" हा प्रश्न तर ठरलेला. घटनेचं कलम २५ प्रचाराचा हक्क देतं, पण १९७७च्या स्टेनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आईला निकाल ठाऊक नव्हता. ती पर्स उघडून दाखवायची.

निगडी प्राधिकरणात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी वारकरी आहे, वेळ वाया घालवू नका. चहा घेणार?" आईने चहा घेतला आणि मासिक ठेवलं. पुढच्या खेपेला सरांनी ते परत दिलं. पानापानावर लाल पेन. 'पुरावा?' 'हे तुकोबा आधीच सांगून गेले.' 'येथे विषयांतर.' शेवटी गोल करून दहापैकी चार. आई रिक्षात बसल्यावर म्हणाली, "वाचलंय बघ अख्खं!" मग ती अभ्यासाला लागली. सातवी शिकलेली बाई, सासऱ्यांसमोर जिचा आवाज निघत नसे, ती वाचनालयातून तुकोबांचा गाथा घेऊन आली, सरांना उत्तर द्यायला. हे वर्षानुवर्षं चाललं. सर साक्षीदार झाले नाहीत, आई वारकरी झाली नाही. मार्क मात्र सहापर्यंत गेले.

दाजींचा निष्कर्ष: "म्हणजे पेपर तपासणारा मिळाला, गिऱ्हाईक नाही."

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की हे सगळं दाराच्या आतल्या माणसासाठी नसतंच मुळी, बाहेर उभं राहणाऱ्यासाठी असतं. शंभर वेळा नकार ऐकून जो पुन्हा बेल वाजवतो, तो सहजासहजी पंथ सोडत नाही. म्हणून तर ऑक्टोबर २०२३पर्यंत प्रत्येकाला महिन्याचे तास लिहून द्यावे लागत. आता साध्या प्रचारकाला फक्त भाग घेतला एवढी खूण करायची असते, पण नियमित पायनियरांना, म्हणजे जास्त तास द्यायचं कबूल केलेल्या प्रचारकांना, अजून महिन्याला ५० तासांचा हिशेब आहे, पूर्वी ७० होते. दाजी, तुमचा मॅनेजर पॉलिसी मोजतो. इथे पॉलिसी कुणी मोजत नाही, एजंट टिकला की झालं. आणि याच एजंटने नंतर महापालिकेत पाणीपट्टीचं चुकीचं बिल तीन टेबलांवर भांडून दुरुस्त करून आणलं होतं. बिल तुमचं होतं.

हे वाचून मी त्यांचा प्रचार करतोय असं समजू नका. मी त्यात नाही, देवही मानत नाही. बाप्तिस्मा घेऊन जो बाहेर पडतो किंवा काढला जातो, त्याच्याशी घरचेसुद्धा बोलणं तोडतात. हे मला अजिबात पटत नाही. मी बाप्तिस्मा घेतला नव्हता म्हणून आईशी माझं नीट आहे. शिवाय माझा अनुभव एका गावचा, एका बाईचा. तुमच्या दाराशी येणाऱ्या वेगळ्या असतील.

त्या नको असतील तर "नंतर या" म्हणू नका. तुम्ही टाळण्यासाठी म्हणता, त्या चिठ्ठीवर लिहून घेतात आणि पुन्हा तीन मजले चढून येतात. "पुन्हा येऊ नका" असं सरळ सांगा. तशा घरांचीही वेगळी नोंद ठेवतात आणि सहसा पाळतात.