चांगली रायफल बंद का पडते? वाचक विचारतात

मागच्या महिन्यात याच सदरात बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींचा, म्हणजे ज्यांत प्रत्येक गोळीआधी बोल्ट नावाचा लोखंडी दांडा हाताने मागेपुढे करावा लागतो त्यांचा, विषय दोन ओळींत उरकला होता, त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळी दुसरं काही घेतच नाही. निम्म्या पत्रांचा सूर "आमची आवडती का बंद केली हो" असा आहे, जणू मीच केलीये.

प्रश्न: ज्या रायफलची सगळे तारीफ करतात, अक्रोडाचा दस्ता, निळी नळी, जुन्या जर्मन मॉझर रायफलीसारखा बोल्ट, नेमकी तीच कंपन्या बंद करतात. अधूनमधून थोड्या बॅचमध्ये तरी निघायची, आता तेही नाही. खपत नव्हती का?

उत्तर: खपत होती, पण ज्या भावात बनत होती त्या भावात खपत नव्हती. तारीफ करणारे वेगळे आणि पैसे मोजणारे वेगळे, हे कुठल्याही धंद्यात असतंच.

अशा रायफलमध्ये पैसा कुठे जातो बघा. अक्रोडाचं लाकूड कापल्या कापल्या वापरता येत नाही, सुकायला वर्षं जातात, आणि नीट सुकलं नाही तर पुढे दस्ता वाकतो, नळीला एका बाजूने रेटतो आणि काल बरोबर लागणारी गोळी आज चार बोटं बाजूला जाते. त्यात प्रत्येक फळीची रेघ वेगळी, मधेच गाठ निघाली की फळी बाद. मग सगळा लोखंडी भाग त्या लाकडात फट न ठेवता बसवायचा, मुठीपाशी चेकरिंग, म्हणजे पकड बसावी म्हणून चौकड्यांची नक्षी, कोरायचं, नळीला पॉलिश करून निळा रंग द्यायचा. पॉलिश हा तर जीव खाणारा प्रकार, कारण तो निळा रंग काहीच झाकत नाही, उलट खालचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. याच्यासमोर प्लास्टिकचा दस्ता ठेवा, साच्यात ओतला, काही मिनिटांत बाहेर, दिवसभर पावसात भिजला तरी होता तसाच.

नळी बसवायचं पण तेच. पूर्वी नळी घट्ट पिळून बसवायची आणि मग चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, थोडं थोडं घासत, मधे मधे गेज म्हणजे मापाचा तुकडा घालून बघत, काडतूस बरोबर बसेल एवढंच खोल करायचं, त्याला हात बसलेला माणूस लागायचा. सॅव्हेज या अमेरिकन कंपनीने १९५८ मध्ये ११० हे मॉडेल काढलं आणि नळीवर सरळ एक नट दिला. गेज घाला, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवा, नट आवळा, झालं काम. तो नट दिसतो कुरूपच, मला अजून आवडत नाही, पण त्या रायफली सरळ मारतात हो. रुगर कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकन नावाची स्वस्त रायफल आणली तिच्यातही हीच युक्ती आहे. आणि खरी गोची इथेच आहे, स्वस्त रायफल भंगार निघाली असती तर महागडी आरामात टिकली असती, पण ती भंगार निघाली नाही.

आता तुमच्या छोट्या बॅचबद्दल. कसं होतं, एखादा मोठा वितरक कंपनीला म्हणतो की अमुक काडतुसात, अमुक लांबीच्या नळीत तीनेकशे रायफली बनवून द्या, सगळ्या मी उचलतो. माल आधीच विकलेला म्हणून कंपनीही खूश. पण मशीन लावायला, भाग पकडून ठेवणारे फिक्श्चर बदलायला, पहिले नग तपासायला जो वेळ जातो तो तीनशे नगांना जेवढा तेवढाच तीस हजारांना. त्यामुळे मूळ मॉडेल जोरात चालू असेल तोवरच त्याच्या जिवावर अशा बॅच निघतात. आणि बहुतेक वेळा कोणी टेबलावर मूठ आपटून "ही बंद करा" असं म्हणत नाही, टूलिंग, म्हणजे ती रायफल बनवायची हत्यारं आणि साचे, झिजतं, नवीन करायचा खर्च कागदावर येतो आणि त्या कागदावर सही करायला कोणी पुढे येत नाही. कॅटलॉगमध्ये ते मॉडेल अजून एखादं वर्ष दिसत राहतं, पण रायफल तिथेच संपलेली असते.

प्रश्न: "प्री-६४" ही काय भानगड आहे? जुन्या रायफलींची चर्चा निघाली की हा शब्द येतोच.

उत्तर: येणारच, कारण या सगळ्या रडारडीचं मूळ तिथे आहे.

विंचेस्टर या अमेरिकन कंपनीचं मॉडेल ७० आलं १९३६ मध्ये. मॉझरच्या धर्तीचा बोल्ट, काडतूस धरणारं लांब नख, हाताने कोरलेलं चेकरिंग, लोक प्रेमात पडले. पण महायुद्धानंतर मजुरी वाढत गेली, आणि तिकडे रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीने १९४८ मध्ये ७२१ आणि ७२२ काढल्या ज्यांचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग, गोल नळकांड्यासारखा, बनवायला एकदम सोपा. त्याच घरातून १९६२ मध्ये ७०० आली, तीही त्याच सोप्या रिसीव्हरवर. विंचेस्टरला तशीच रायफल जुन्या पद्धतीने बनवत बसणं परवडेना.

मग १९६४ मध्ये त्यांनी मॉडेल ७० आतून बाहेरून बदललं. लांब नख गेलं, चेकरिंग कोरण्याऐवजी लाकडावर दाबून उमटवलं, पण नाव तेच ठेवलं! लोक असे खवळले की आजही शांत झालेले नाहीत. जुनी ती "प्री-६४", आणि तिची किंमत तेव्हापासून चढीच. खरं सांगू का, नवीन रायफल चालायला वाईट नव्हती, पण दाबलेलं चेकरिंग हातात घेतल्या घेतल्या कळायचं, आणि गिऱ्हाइकाला वाटलं की आपल्याला मूर्ख समजतायत. माझ्या मते नाव तेच ठेवून आतून बदललेली रायफल ही बंद पडलेल्या रायफलपेक्षा जास्त फसवते.

पुढची गंमत म्हणजे १९९० च्या दशकात विंचेस्टरने ते नख परत आणलं. मग २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखानाच बंद झाला, सगळ्यांनी मॉडेल ७० ला श्रद्धांजली वाहून टाकली, आणि थोड्याच काळात एफएन या बेल्जियन कंपनीच्या साउथ कॅरोलायनामधल्या कारखान्यातून तीच रायफल नखासकट पुन्हा बाहेर पडली. म्हणून "बंद झाली" हे ऐकलं की मी आता लगेच हळहळत नाही. रेमिंग्टनचा इलियनचा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला तेव्हाही लोकांनी हेच केलं, पण त्याच्या आधीच नवीन मालकांकडे ७०० चं काम चालू होतं.

प्रश्न: ते नख, नख काय चाललंय? खरंच फरक पडतो की नुसती हौस?

उत्तर: दोन्ही. मॉझर ९८ मध्ये मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीतून, काडतूस वर येतानाच त्याची कड नखाखाली सरकते, म्हणजे बोल्टने ते सुरुवातीपासूनच पकडलेलं असतं. घाबरून अर्ध्यातच हात मागे आला तरी ते काडतूस बाहेर फेकलं जातं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पुश-फीडमध्ये, बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि पकड बसते ती शेवटी, त्यामुळे अर्ध्यात मागे ओढला तर पहिलं काडतूस तिथेच पडून राहतं, मागून दुसरं येऊन अडकतं.

अंगावर येणाऱ्या म्हशीसमोर उभे असाल तर हा फरक फार मोठा आहे. लांबवर उभ्या हरणावर नेम धरलाय तर काहीएक फरक नाही. आणि नखाचा तोटा कोणी सांगत नाही तो मी सांगतो, बऱ्याच मॉझरमध्ये एक काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करायला गेलात तर नख त्या कडेवर चढायला कुरकुर करतं, ते मॅगझिनमधूनच यायला हवं.

प्रश्न: आता कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आहेत, मग जुनी डिझाइन स्वस्तात का नाही बनत?

उत्तर: लोखंड कापायचं काम स्वस्त झालं, शेवटचा हात फिरवायचं काम नाही झालं. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सुटलीये, जुन्या पद्धतीची रायफल मेलेली नाहीच मुळी. जर्मनीत मॉझर ९८ आजही बनतात, लंडनची रिग्बी मॉझरच्याच अ‍ॅक्शनवर रायफली बांधते, फक्त त्यांच्या किमती वाचल्यावर माणूस कॅटलॉग हळूच मिटून ठेवतो.

गेला आहे तो किमतीतला मधला मजला. चेक कंपनी सीझेडची ५५० ही त्या मजल्यावरची. मॉझरचं नख, लाकडी दस्ता, फिनिश जरा ओबडधोबड, बोल्ट सुरुवातीला खरखरीत, पण .४१६ रिग्बीसारख्या तगड्या काडतुसात सुद्धा मिळायची आणि साध्या शिकाऱ्याला परवडायची. २०२१ मध्ये सीझेडची ६०० ही मालिका आली तोवर ५५० सकट जुनी कुटुंबं गुंडाळली गेली. आता एकतर प्लास्टिकची घ्या नाहीतर आयुष्यभराची कमाई ओता. मला वाईट वाटतं ते याचं.

प्रश्न: मला मॅनलिखर-शोनाउअर फार आवडते. इतकी सुंदर रायफल कशी काय गेली?

उत्तर: दुर्बिणीमुळे. १९०३ सालची ही ऑस्ट्रियन रायफल, दस्ता नळीच्या टोकापर्यंत, आत फिरतं मॅगझिन, बोल्ट लोण्यासारखा. पण तिच्या रिसीव्हरचा मागचा भाग वरून चिरलेला असतो आणि बोल्टची मूठ त्या चिरेतून मागे जाते. उघड्या साइटने नेम धरायचे दिवस होते तोवर छान, पण प्रत्येकाला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, पाहिजे झाला तेव्हा तो बसवायचा कुठे हा प्रश्न आला. त्यात ते फिरतं मॅगझिन एकेका काडतुसाच्या मापाने घडवलेलं, नवीन काडतूस आलं की नवीन मॅगझिन. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खेळ आटोपला.

प्रश्न: मर्यादित बॅचच्या रायफली विचित्र काडतुसातच का निघतात? त्या काडतुसाचं पुढे काय?

उत्तर: कारण साध्या काडतुसातली रायफल रोजच्या उत्पादनात आहेच की, वितरक तिच्यासाठी कशाला वेगळी ऑर्डर देईल. हौशी लोकांना ७×५७ पाहिजे असतं, .२५७ रॉबर्ट्स पाहिजे असतं, ही काडतुसांचीच नावं. रायफल घेण्याआधी तिचं काडतूस किती कंपन्या बनवतात ते बघा, रायफलला शंभर वर्षं काही होत नाही, काडतुसं दर आठवड्याला संपतात.

कधी कधी नुसता नावाचा घोळ असतो. .२७५ रिग्बी हे ऐकायला दुर्मिळ वाटतं, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती रायफल याच काडतुसाची, पण ते आहे ७×५७ मॉझरच, इंग्रजांनी आपलं नाव चिकटवलेलं.

प्रश्न: बंद झाली म्हणून आत्ताच एक घेऊन ठेवू का? भाव वाढेल ना?

उत्तर: वापरायला घेणार असाल तर घ्या, तिजोरीत ठेवायला घेणार असाल तर मला विचारू नका. प्री-६४ मॉडेल ७० किती बनल्या माहितीये? साधारण ५ लाख ८० हजार. तरी तिला भाव आहे, कारण लोकांना ती हवी आहे. उलट "फक्त इतकेच नग" असा शिक्का मारलेल्या कितीतरी रायफली पडून असतात, कारण कमी बनवलेली वस्तू हवीशी असेलच असं नाही. पितळी नावपट्टी आणि सोनेरी हरीण कोरलेली असेल तर दोनदा विचार करा.

घेतलीच तर पहिल्या दिवशी जास्तीचं मॅगझिन शोधा, सुटं निघणारं असेल तर तेच आधी बाजारातून गायब होतं. मग एक्स्ट्रॅक्टर म्हणजे काडतूस धरणारं नख, काडतुसावर ठोकणारी फायरिंग पिन, स्प्रिंग.

प्रश्न: माझ्याकडे अशीच एक बंद पडलेल्या मॉडेलची रायफल आहे, बोल्ट हरवलाय. दुसऱ्या रायफलचा त्याच मॉडेलचा बोल्ट मिळतोय, सहज बसतोय पण. चालेल?

उत्तर: बसतोय म्हणजे चालेल असं अजिबात नाही. बोल्ट आणि चेंबर यांच्यामधलं अंतर त्या त्या रायफलपुरतं जुळवलेलं असतं, ते जास्त झालं तर काडतुसाचं पितळ मागून फाटून गरम गॅस थेट तोंडावर येऊ शकतो. आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून हेडस्पेस गेजने (हेडस्पेस म्हणजे हेच अंतर) तपासून घ्या, तोपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका. आणि तुमचा मूळ बोल्ट रायफलपासून वेगळा ठेवायची सवय असेल तर आधी घरातलीच कपाटं परत एकदा बघा, दोन वाचकांना तो तसाच सापडलाय.