‘क्वांटम ऑफ सोलेस’बद्दल लोक इतकं उलटसुलट का बोलतात? बघावा की सोडून द्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डॅनिएल क्रेगचे बाँडपट ओळीनं बघायला घेतलेत, ‘कसिनो रोयाल’ आवडला, आणि आता पुढचा लावायचा तर एक मित्र म्हणतो "नुसती हाणामारी, वेळ वाया", दुसरा म्हणतो "ह्या पिक्चरवर लोकांनी अन्याय केलाय". ऐकायचं कुणाचं?

माझं मत आधीच सांगतो. बघा. हाणामारीबद्दल पहिला मित्र बरोबर आहे, वेळेबद्दल नाही. पिक्चर आहेच मुळी 106 मिनिटांचा. बाँडच्या मुख्य मालिकेत याहून छोटा पिक्चर निघालेला नाही. ‘कसिनो रोयाल’ 144 मिनिटांचा होता आणि क्रेगचा शेवटचा ‘नो टाइम टू डाय’ तर 163. ‘क्वांटम’चा इंटरवल इतक्या लवकर झाला होता की माझ्या शेजारच्याला वाटलं रीळच तुटलं.

हे 2008 च्या नोव्हेंबरातलं. मी तेव्हा औरंगाबादला शिकायला होतो (शहराचं नाव तेव्हा हेच होतं) आणि आम्ही होस्टेलची पोरं घोळक्यानं गेलो होतो. बाहेर पडल्यावर चहाच्या गाड्यावर जे भांडण झालं तेच आज नेटवर चालू आहे. निम्मे म्हणत होते फायटिंग एक नंबर. बाकीच्यांचं म्हणणं, कोण कुणाला का मारतंय तेच शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्यांचं चुकत नव्हतं, कारण त्यातल्या बहुतेकांनी ‘कसिनो रोयाल’ पाहिलाच नव्हता.

बाँड म्हटलं की आपल्याला सवय काय? टीव्हीवर हिंदीत डब केलेला कुठलाही भाग लावा, अर्ध्यातून लावा, काही अडत नाही. खलनायक नवा, बाई नवी, गाडी नवी. ‘क्वांटम’ मात्र आधीचा पिक्चर जिथं संपला जवळपास तिथूनच सुरू होतो. बाँडची प्रेयसी व्हेस्पर कोण होती, ती व्हेनिसमध्ये पाण्यात कशी मेली, बाँड इतका का भडकलाय, हे पिक्चर तुम्हाला नव्यानं सांगत बसत नाही. आता तुम्ही ओळीनं बघताय म्हणजे ही अडचण तुम्हाला नाही. 2008 साली तिकीट काढून बसलेल्या माणसाला होती, आणि निम्म्या शिव्या तिथून आलेल्या आहेत.

उरलेल्या निम्म्या मात्र पिक्चरनं स्वतः कमावल्यात.

पहिलाच सीन घ्या. इटलीत गार्डा सरोवराच्या काठानं बाँडची ॲस्टन मार्टिन सुसाट चाललीय, मागं अल्फा रोमिओ लागल्यात. मधे बोगदा आहे, समोरून ट्रक येतोय, पुढं दगडाची खाण. खऱ्या गाड्या, खरे स्टंटवाले, एवढा खर्च. आणि पडद्यावर काय दिसतं? एक हात. गिअर. काच फुटली. कुणाचा तरी डोळा. चाक. पुन्हा हात. कुठली गाडी पुढं आहे हे डोक्यात बसेपर्यंत एक गाडी कड्यावरून खाली गेलेली असते. माणसांनी जीव धोक्यात घालून केलेलं काम कडबा कुट्टीच्या मशीनमधून काढल्यासारखं बारीक चिरून समोर ठेवलंय. आता ‘कसिनो रोयाल’मधली मादागास्करची क्रेनवरची पळापळ आठवा. तिथं कोण किती उंचीवर आहे, कोण कुठून उडी मारणार, हे क्षणोक्षणी कळत होतं, म्हणून पोटात गोळा येत होता. इथं नुसतं डोकं दुखतं.

याला कारण आहे. त्या काळात जेसन बॉर्न ह्या स्मृती गेलेल्या हेराच्या पिक्चरांनी हलता कॅमेरा आणि तुटक कटिंग यांची फॅशन आणली होती. ‘क्वांटम’मध्ये ॲक्शनचे सीन वेगळे शूट करणारी तुकडी (सेकंड युनिट) सांभाळणारा डॅन ब्रॅडली बॉर्नवरूनच आलेला, दोन एडिटरांपैकी रिचर्ड पिअरसनही तिथं काम केलेला. मुख्य दिग्दर्शक मार्क फोर्स्टर हा माणसांच्या नात्यांचे शांत पिक्चर करणारा, एवढ्या मोठ्या ॲक्शनपटाला त्यानं पहिल्यांदाच हात घातला होता. बॉर्नला ती धांदल शोभते, कारण तो स्वतःच भांबावलेला आहे. बाँड भांबावलेला बघायला कुणी येत नाही. अमेरिकेतले मोठे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर फक्त दोन तारे दिले आणि बाँड हा ॲक्शन हिरो नव्हेच असं लिहिलं. दोन तारे मला कमी वाटतात, पण मुद्दा पटतो.

आणखी एक गोष्ट, जी अन्याय झाला म्हणणारे नेहमी पुढं करतात. 5 नोव्हेंबर 2007 ला हॉलिवूडच्या लेखकांनी संप पुकारला, तो फेब्रुवारी 2008 पर्यंत चालला. शूटिंग जानेवारीत सुरू झालं. म्हणजे पटकथा अर्धीकच्ची आणि दुरुस्त करायला लेखक नाही. क्रेगनं पुढं मुलाखतीत सांगितलं की तो आणि दिग्दर्शक मिळून सेटवर सीन लिहीत होते, आणि आपण काही लेखक नाही हेही त्यानं कबूल केलं. हे ऐकून सहानुभूती वाटते, पण तिकिटाचे पैसे देणाऱ्यानं संपाचा हिशोब कशाला धरायचा? सीन पातळ आहे तर आहे. फील्ड्स नावाची ब्रिटिश वकिलातीतली पोरगी घ्या. येते, जाते, आणि थेट अंगभर तेल माखलेलं प्रेत म्हणूनच दिसते. जुन्या ‘गोल्डफिंगर’ बाँडपटातल्या सोन्याच्या मुलाम्यातल्या बाईची आठवण करून द्यायची होती म्हणून. तिला चार वाक्यं जास्त दिली असती तर त्या प्रेताकडं बघताना काहीतरी वाटलं असतं.

जुन्या बाँडच्या भक्तांची तक्रार वेगळीच: बाँडला हत्यारं-यंत्रं देणारा क्यू नाही, साहेबांची सेक्रेटरी मनीपेनी नाही, नाव सांगायची ती ठरलेली स्टाईल नाही, बंदुकीच्या नळीतून बघायचा सीन सुरुवातीला नसून शेवटी टाकलाय. ती मी सोडून देतो. ज्याला जे नसल्याचं दुःख त्यानं ते करावं.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडं येतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की खलनायक फुसका आहे. जगावर राज्य करायचं नाही, उपग्रह नाही, अणुबॉम्ब नाही. डॉमिनिक ग्रीन नावाचा एक बारकासा माणूस, पर्यावरणाच्या नावानं संस्था चालवतो, भाषणं देतो, पार्ट्या करतो, आणि त्याचा अख्खा डाव काय तर बोलिव्हियाचं पाणी. "एवढंच?" असं म्हणून लोक हसतात.

हसणारे कुठं राहतात ते मला माहीत नाही. मी लातूरचा आहे.

पिक्चरमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेरांपासून सगळ्यांना वाटत असतं की ग्रीन वाळवंटात तेल शोधतोय. तेल म्हटल्यावर सगळे गप्प, ज्याला त्याला वाटा हवा. बाँड आणि त्याच्या जोडीची नायिका कमिल विमानातून एका पॅराशूटवर उडी मारतात आणि जमिनीतल्या भल्यामोठ्या खड्ड्यात पडतात. तिथं त्यांना दिसतं की ग्रीननं जमिनीखालचं पाणी बांध घालून अडवून ठेवलंय. आणि वर गावात टाकीच्या नळाला पाणी येईनासं झालंय, माणसं भांडी घेऊन उभी. मग हॉटेलातला तो करार. सत्ता बळकावू बघणाऱ्या जनरलसमोर ग्रीन कागद ठेवतो. देशाचं निम्म्याहून जास्त पाणी आता माझ्या हातात आहे, तुझं सरकार ते माझ्याकडूनच घेईल, आणि भाव सध्याच्या दुप्पट. बंदूक दाखवत नाही, ओरडत नाही. ही धमकी ज्याला किरकोळ वाटते त्यानं कधी टँकरच्या नंबरात घागर लावलेली नाही.

हे काही हवेतून आणलेलं कथानकही नाही. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपन्यांच्या हाती दिल्यावर दर भरमसाट वाढले, लोक रस्त्यावर उतरले, आणि एप्रिल 2000 मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला.

2008 साली थेटरात मलासुद्धा हा भाग सपकच वाटला होता, वय फायटिंग बघायचं होतं. पुन्हा बघितला तो 2016 च्या उन्हाळ्यात, घरी, लातूरला. ते दिवस आठवत असतील. मांजरा धरण आटलेलं, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांभोवती 144 कलम लावलेलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. घरोघरी रिकामी पिंपं, बॅरल, पोरांच्या आंघोळीचं पाणी झाडाला. जारचं पाणी प्यायला आणि बोअरचं, असलंच तर, वापरायला.

दुपारी लाइट होती म्हणून मी पिक्चर लावला, मावशी शेजारी गहू निवडत बसलेली. तिला इंग्रजी कळत नाही, बाँड कोण तेही माहीत नाही. नळाचा तो सीन आला आणि तिनं मान वर केली.

"टँकर येत नाही का रे त्यांच्याकडं?"

"त्यानंच अडवलंय ना मावशी पाणी. तो बघ, सूटवाला."

"ह्या बारक्यानं?" ती सुपातले खडे काढता काढता थांबली. "मग कामून थांबलाय तुझा तो? हाण की त्याला."

खलनायकावर इतका थेट राग आलेला प्रेक्षक मी त्या वेळेपर्यंत कुठल्याच बाँडपटाला बघितला नव्हता. वरच्या अंगाला पाणी अडलं की खाली काय होतं, हे नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही ह्या वादात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. (आपल्याकडचा वाद कायद्याचा आणि वाटपाचा आहे, ग्रीनसारखा चोरीचा नाही, हे मान्य. कॉमेंटमध्ये तेवढ्यासाठी येऊ नका.)

शेवटही त्याच धाग्यातला आहे. बाँड ग्रीनला गोळी घालत नाही. वाळवंटात मधोमध उतरवतो, हातात मोटार ऑइलचा डबा देतो आणि म्हणतो, तहान लागल्यावर हे पिशील. पाणी विकणाऱ्याला पाण्यावाचून सोडलं. आमच्या होस्टेलच्या पोरांना हे अँटी-क्लायमॅक्स वाटलं होतं. मावशी "बरं झालं" म्हणून गहू घेऊन आत गेली.

आणि ज्यांना वाटतं ह्या पिक्चरमध्ये डोकं लावलेला एकही सीन नाही, त्यांनी ऑपेराचा भाग परत बघावा. ऑस्ट्रियात ब्रेगेन्झला सरोवरातच उभा रंगमंच आहे, त्यावर ‘तोस्का’ चालू, मागं भला मोठा डोळा. गुन्हेगारांची अख्खी बैठक प्रेक्षकांतच बसलीय, कानात यंत्रं घालून, गाणं ऐकता ऐकता सौदा चाललाय. बाँड त्यांच्या लाइनवर घुसतो आणि शांतपणे म्हणतो, भेटायला जरा बरी जागा शोधा. झालं. घाबरलेले एकेक जण उठायला लागतात आणि बाँड वरून त्यांचे फोटो घेतो. त्यांच्यातला मिस्टर व्हाइट तेवढा जागचा हलत नाही, ‘तोस्का’ काही सगळ्यांसाठी नसतो असं म्हणून निवांत बसून राहतो. पुढं किचनमध्ये गोळीबार होतो तेव्हा बंदुकांचा आवाज जवळजवळ काढूनच टाकलाय, फक्त ऑपेराचं संगीत. तेच तुकडे-तुकडे कटिंग, पण इथं ते सुरात बसतं. सगळा पिक्चर ह्या हातानं कापला असता तर तुमच्या दोन मित्रांचं भांडणच झालं नसतं.

पडला म्हणतात, तेही खरं नाही. जगभरात सुमारे 59 कोटी डॉलरचा धंदा केला. त्याच्या पुढचा ‘स्कायफॉल’ (2012) शंभर कोटींच्या वर गेला, त्यामुळं हा दोन गाजलेल्या पिक्चरांच्या मधे चिरडला. एक गंमत मात्र सांगायची राहिली. बोलिव्हिया म्हणून दाखवलेलं वाळवंट खरं तर चिलीचं, अटाकामाचं आहे. आमची जमीन बोलिव्हिया म्हणून दाखवता म्हणून तिथल्या एका गावचा महापौर चिडून गाडी घेऊन सरळ शूटिंगमध्ये घुसला होता. बघताना वाळवंट आलं की हे आठवून मला हसू येतं.

तर तुम्ही असं करा. ‘कसिनो रोयाल’ ताजा आहे तोवरच लावा, महिनाभर मधे जाऊ देऊ नका. शक्य तर मोबाइलवर नको. त्या कटिंगला छोट्या पडद्यावर काहीच हाती लागत नाही. हिंदी डबिंगपेक्षा मूळ आवाज आणि खाली सबटायटल बरी, कारण कराराचा सीन संथ बोलण्यावर चालतो. गाड्यांचा पहिला पाठलाग समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्यात समजण्यासारखं काही नाही. तो संपल्यावर डिकी उघडते आणि आत एक माणूस निघतो. तो कोण हे आठवत नसेल तर तिथंच पॉज करा आणि ‘कसिनो रोयाल’चा शेवटचा सीन परत बघून या.