‘अजून एकच प्रकरण!’

“फास्टर फेणे सोडून ही दुसरं काही वाचतच नाही. धडा उघडला की जांभया, आणि रात्री पांघरुणात टॉर्च!” सातवीतल्या मुलीच्या आईने आमच्याकडे केलेली ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पुस्तकं कपाटात कुलूपबंद करून झाली होती. मुलगी मैत्रिणीकडून आणून चोरून वाचू लागली, एवढाच फरक पडला.

आधी सात दिवस फक्त नोंद ठेवायला सांगितली. शाळा, क्लास, जेवण, वाचन, झोप, वेळेसकट. वहीत दिसलं ते असं: क्लासहून घरी यायला आठ, पुस्तक हातात यायला साडेनऊ, झोप पावणेबाराला, उठणं पावणेसहाला. या वयात निदान आठ-नऊ तास झोप हवी. तिला सहा मिळत होते. जांभया तिथून येत होत्या.

“प्रकरण संपलं की पुस्तक ठेव” हा घरातला नियम. तोच घात करत होता. वेगवान रहस्यकथेत प्रकरण मुद्दाम ऐन पेचावर तोडलेलं असतं, तिथे मोठ्यांनाही थांबता येत नाही. म्हणून पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचून खूण घालायची. तोवर आधीचा पेच सुटलेला असतो, मन जरा निवांत होतं.

पहिला आठवडा फसला. आईने मोबाइलवर गजर लावला, तो भर पाठलागात वाजला आणि रडारड झाली. गजर काढला. त्याऐवजी पाच मिनिटं आधी हळूच सांगायचं, थांबायची जागा मुलीने निवडायची. वाचनाची मुख्य वेळ क्लासच्या आधी आणली, चाळीस मिनिटं. रात्री वीस मिनिटं, साडेनऊला दिवा बंद.

दुसरी काळजी, ‘हलक्या’ वाचनाची. ती आम्हाला पटत नाही. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, सायकलवर सुसाट, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. एकदा ओळख झाली की पुढच्या पुस्तकात माणसं नव्याने समजून घ्यावी लागत नाहीत, सगळं लक्ष गोष्टीत जातं आणि वाचनाला वेग येतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरीत असा वेग मिळणं फार मोलाचं आहे.

एक दोष मात्र खरा होता. ती वर्णनं गाळून संवादांवर उड्या मारायची, आणि धागेदोरे तर वर्णनातच दडवलेले असतात. त्यासाठी चिठ्ठीचा खेळ दिला. उलगड्याच्या दोन प्रकरणं आधी थांबून लिहायचं: संशय कुणावर, का, पुरावा कोणत्या पानावर. पान क्रमांक हवा म्हटल्यावर ती आपसूक मागे जाऊन बारकाईने वाचू लागली. आईने मात्र चिठ्ठी तपासायची नाही. तपासली की गृहपाठ होतो.

पुढचं पुस्तक बोधकथांचं नको. भागवतांनीच मराठीत आणलेला, साहसकथा लिहिणारा फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न द्यावा. लेखणी ओळखीची, थरार तोच, वाक्यं थोडी लांब. नाही आवडलं तर तीस पानांनंतर सोडू द्यावं.

नियमाला एक सूट ठेवली आहे. शेवटची तीन प्रकरणं शनिवारी दुपारी, सलग, कुणीही हाक न मारता.