मतदारांची बुद्धिमत्ता चाचणी घ्यावी का? आधी सांगा, पेपर कोण तपासणार

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी चालवायला लायसन्स लागतं, नोकरीसाठी परीक्षा द्यावी लागते, मग देश कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवणाऱ्याची साधी बुद्धिमत्ता चाचणीही का होऊ नये? काहीच न कळणाऱ्याचं मत आणि अभ्यास करून दिलेलं मत एकाच मापाने का मोजायचं?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण 'लोकशाहीत सगळे समान' एवढं म्हणून मी पळ काढणार नाही, कारण तुमच्या वैतागात तथ्य आहे. बहुतेक मतदारांना धोरणांची जुजबीच माहिती असते, हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मीही त्याला अपवाद नाही. बँकांच्या नियमनावर दहा प्रश्न विचारलेत तर माझी दांडी उडेल. तरीही चाचणी नको, असंच मी म्हणेन.

लायसन्सचंच घ्या. तिथल्या परीक्षकाला तुम्ही पास झालात काय नि नापास झालात काय, काहीच फरक पडत नाही. मतदाराच्या परीक्षेत मात्र परीक्षक नेमणारं सरकार तेच, ज्याला हे मतदार उद्या घरी बसवू शकतात. ज्यांचा हिशेब घ्यायचा त्यांनीच हिशेब घेणारे निवडायचे, असा हा मामला. शिवाय लायसन्स नाकारलेला माणूस बसने जाऊ शकतो. मत नाकारलेल्याला मात्र कर भरावाच लागतो, कायदे पाळावेच लागतात आणि युद्ध झालं तर त्याच्याही घरातलं कोणीतरी लढायला जातं.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालला. मिसिसिपीच्या 1890च्या राज्यघटनेत अट होती की मतदाराला घटनेतलं कलम वाचता आलं पाहिजे, नाहीतर वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ तरी सांगता आला पाहिजे. 1950च्या दशकात ही अट आणखी आवळली. आता अर्जदाराने नोंदणी अधिकारी दाखवेल ते कलम स्वतःच्या हाताने उतरवायचं, खाली त्याचा अर्थ लिहायचा आणि शेवटी नागरिकाची कर्तव्यं काय यावर चार ओळी लिहायच्या. कलमं होती 285, आणि कोणाला कोणतं द्यायचं ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. एकाला एका ओळीचं सोपं कलम मिळे, दुसऱ्याला वकिलालाही घाम फुटेल असं. आदर्श उत्तर कुठेच छापलेलं नव्हतं. अधिकाऱ्याचं समाधान झालं तर पास!

शेजारच्या लुईझियानात काय चालायचं याचा एक नमुना अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1965च्या निकालपत्रातच नोंदलेला आहे. कलम होतं भाषण आणि लेखनस्वातंत्र्याचं. एका गोऱ्या अर्जदाराने त्याचा अर्थ लिहिला होता 'फ्रडम फूफ स्पेट्घ'. बहुधा त्याला 'फ्रीडम ऑफ स्पीच' म्हणायचं असावं. तो पास झाला! आणि याच पद्धतीने शिकलेसवरलेले कृष्णवर्णीय अर्जदार, अगदी शिक्षकसुद्धा, नापास होत राहिले. त्याच वर्षी मतदान हक्क कायदा आला, या राज्यांतल्या चाचण्या थांबल्या आणि जरूर तिथे नोंदणीला केंद्राची माणसं बसली. मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण 6.7 टक्क्यांवरून 1967 पर्यंत 59.8 टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत लोकांची अक्कल नऊपट वाढली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, तो वंशद्वेषाचा काळ होता. आज संगणकावर प्रमाणित चाचणी घेऊ, नाव-गाव-रंग कोणालाच दिसणार नाही. बरं, घटकाभर धरून चालू की चाचणी अगदी निष्पक्ष निघाली. मग प्रश्न उरतो तो हा, की हुशार माणूस राजकारणातही हुशारीनेच वागतो का?

यावर डॅन कहान या अमेरिकी प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. हजाराहून जास्त अमेरिकनांपैकी काहींना चार आकड्यांचा एक छोटा तक्ता दिला. त्वचेवरचं एक मलम लावलेले किती जण बरे झाले, कितींचा त्रास वाढला. न लावलेल्यांत किती बरे झाले, कितींचा वाढला. नुसता मोठा आकडा पाहिला की फसायला होतं, प्रमाण काढावं लागतं. गणितात पक्के असलेले इथे अर्थातच पुढे होते. बाकीच्यांना तेच आकडे, फक्त मथळे बदलून दिले: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगायला बंदी घातलेली शहरं, न घातलेली शहरं, आणि गुन्हे वाढले की घटले. आता गणितवाल्यांची गाडी घसरली. निष्कर्ष आपल्या पक्षाला सोयीचा असेल तेव्हा ते बरोबर उत्तर काढत होते, गैरसोयीचा असेल तेव्हा चुकत होते. दोन पक्षांच्या लोकांमधली दरी कच्च्या गणितवाल्यांपेक्षा पक्क्या गणितवाल्यांत जास्त रुंद निघाली. म्हणजे बुद्धी होती, पण ती आपल्याच बाजूची वकिली करत बसली. तुमच्या चाचणीतून हेच लोक वरच्या नंबराने पास होऊन येणार आहेत.

माझा खरा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. मत म्हणजे एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न, हे गृहीतकच मला पटत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कोणत्या रस्त्याला किती पैसा द्यावा हे गावातल्या म्हातारीला सांगता येणार नाही, पण दवाखान्यात डॉक्टर येत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ब्राझीलमध्ये हे आकड्यांत दिसलं. तिथे निरक्षरांना 1985 पर्यंत मताधिकारच नव्हता. तो मिळाल्यावरही मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक हाताने लिहावा लागे, त्यामुळे ढीगभर मतं बाद व्हायची. थोडक्यात, लिहिता-वाचता येण्याची परीक्षा कायद्यातून गेली होती, पण मतपत्रिकेवर शिल्लक होती. 1998च्या निवडणुकीत 40,500 पेक्षा जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांमध्ये यंत्रं आली. क्रमांक दाबला की पडद्यावर उमेदवाराचा फोटो येतो. तोच हवा असेल तर हिरवं बटण दाबायचं. बाद मतं धाडकन खाली आली. थॉमस फुजिवारा या अर्थशास्त्रज्ञाने पुढे काय झालं ते तपासलं. त्याच्या हिशेबाने सुमारे 11 टक्के मतदारांचं मत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मोजलं गेलं. त्यानंतर राज्य सरकारांचा आरोग्यावरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या गरोदर बायकांच्या तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण घटलं. यातल्या कितीजणी तुमच्या चाचणीत पास झाल्या असत्या?

काही जण मधला मार्ग सुचवतात: कोणाचं मत काढू नका, फक्त शिकलेल्यांना जादा मत द्या. जॉन स्टुअर्ट मिल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1861 मध्ये अशीच मांडणी केली होती, आणि ब्रिटनच्या संसदेत विद्यापीठांच्या वेगळ्या जागा असल्यामुळे पदवीधरांना खरोखरच दोन मतं होती. 1948च्या कायद्याने त्या जागा गेल्या. पदवीधरांचं म्हणणं संसदेत एरवीही पोचतच होतं. ज्यांचं पोचत नव्हतं त्यांना दुसरं मत द्यावं असं कोणाला सुचलं नाही, हे मात्र गमतीचं आहे.

'मग 18 वर्षांची अट का चालते?' हा प्रश्न रास्त आहे. ती अट ढोबळ आहे हे मला मान्य आहे. पण त्यात कोणीही कोणाला तपासत नाही, आणि जगला वाचला तर प्रत्येक जण त्या दारातून आत येतोच. बुद्धिमत्ता चाचणीत नापास झालेला कदाचित आयुष्यभर दाराबाहेरच उभा राहील.

बरं, फक्त अगदी तळाचे थोडेसेच वगळले तर? तेही करून झालंय. स्पेनमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचा मताधिकार न्यायालय काढून घेऊ शकत असे आणि काही प्रकरणांत न्यायाधीश राजकीय माहितीचे प्रश्न विचारून ते ठरवत. तेच प्रश्न बाहेरच्या धडधाकट मतदारांना कोणी विचारत नव्हतं आणि विचारले असते तर त्यातल्या बऱ्याच जणांची त्रेधा उडाली असती. 2018च्या अखेरीस स्पेनने कायदा बदलला आणि सुमारे एक लाख लोकांना मत परत मिळालं. जर्मनीनेही 2019 मध्ये तशीच बंदी उठवली.