शिलालेख वाचायला लागतोयस, तर एवढं ऐक

भावा, पहिल्याच दिवशी खिद्रापूरला पळू नकोस. आधी कोल्हापुरात टाऊन हॉलच्या संग्रहालयात निवांत जा. आपल्या भागातले शिलाहार राजघराण्याचे बरेच लेख जुन्या कन्नडमध्ये आहेत, त्यामुळे नुसत्या देवनागरीवर भागणार नाही. हे मला उशिरा कळलं, दोन वर्षं वाया गेली.

दगडावर सूर्य-चंद्र दिसले की थांब. लेखात नोंदलेलं दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं, असा त्याचा अर्थ. खाली गाढव असेल तर ती गधेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. लोक त्यालाच शेंदूर फासून देव करतात. वाद घालू नकोस, पाया पड आणि मग विचार.

अक्षरांत खडू, पीठ भरू नकोस. संध्याकाळी टॉर्च बाजूने तिरका धर, अक्षरं आपोआप उठतात. लेखातल्या शक वर्षात ७८ मिळवलेस की इसवी सन. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. खिद्रापूरचा यादव राजा सिंघणाचा दानलेख शके ११३५चा आहे, त्याच्यावर हात बसव.

आणि दान फक्त राजाचंच नसतं. कोल्हापुरात सापडलेल्या बौद्ध अस्थिकरंडकावर (अस्थी ठेवायच्या पेटीवर) ब्राह्मी लिपीत एवढंच आहे: बम्हाचं दान, धमगुताने करवलेलं.